सुधाच्या हाताला बसेल अशी मूठ

शनि. ४ फेब्रु. १९६१
सुधाला घेऊन दवाखान्यात. स्टोव्ह भडकून भाजल्याला सात महिने झाले. डॉ. म्हणाले, गाल आणि मान रोज दोनदा तेल लावून चोळा, नाहीतर कातडी आखडेल, मान वळायची नाही. घरी मी वाटी घेऊन बसलो. "तुम्ही हात लावू नका." आईलाही लावू देत नाही. तिची स्वतःची दोन्ही हातांची बोटं अर्धवट मिटून राहिलेली. मग चोळणार कोण?

७ फेब्रु.
कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंगं. आज जेवणाच्या सुट्टीत स्वतःचं एक काढलं. छोटी मोटर, टोकाला थरथरणारी रबरी वाटी. तिने स्वतःच धरायचं. कुणाचा हात नको.

रवि. १९ फेब्रु.
पहिलं तयार. मिनिटभरात हातातून सुटलं. जड, आणि मूठ सरळ गोल. "माझी बोटं वळत नाहीत, हे ड्रॉइंगमध्ये दिसलं नाही का?"


२६ फेब्रु.
कोपऱ्यावरचे कानडी सुतार नंजप्पा घरी आले. कोमट मेणाचा गोळा तिच्या तळव्यात ठेवला. "अक्का, स्वल्प दाबा. सरी, सरी, बरोबर." परक्या माणसापुढे तिने पदराखालून हात काढला. माझ्यापुढे काढत नाही.

१२ मार्च
ठशाबरहुकूम शिवणीच्या लाकडाची मूठ, मागून कातडी पट्टा. सात मिनिटं धरली! मी घड्याळ बघत होतो. तिच्या गालाकडे बघायला हवं होतं. मोटर वाटीच्या मागेच, ती तापली. भाजल्या कातडीला गरम कळत नाही. रुपयाएवढा फोड.
मीच भाजलं तिला.

१४ मार्च
डॉ. : जखम भरेपर्यंत चोळणं बंद. आई देवघरातून म्हणाली, "अरे, तिला यंत्र नकोय." मग काय हवंय? 

२ एप्रिल
डावीकडून हाक मारली तर सुधा अख्खी वळली, पायांसकट. मी पुन्हा तिकडून हाक मारत नाही.

९ एप्रिल
मोटर आता टेबलावर, डब्यात. तिथून स्कूटरच्या मीटरची असते तसली, आत तार फिरणारी केबल मुठीपर्यंत. मूठ हलकी, गार. रोज दहा मिनिटं माझ्या गालावर चालवतो. ती दारातून बघते, आत जाते.

१६ एप्रिल
जखम भरली. डॉ. हो म्हणाले. आज सकाळी तिने आपणहून मूठ मागितली. पट्टा ओढून पाहिला, पुन्हा ओढला. बसेना. मधल्या दिवसांत बोटं आणखी आत वळलीत. नंजप्पांनी अर्धं बोटसुद्धा चुकवलेलं नाही, मीच उशीर केला.
"राहू दे आता," म्हणाली.
मी मेण गरम करायला ठेवलं. मला दुसरं काही येत नाही. ती उठून गेली नाही. हात टेबलावर, पदराबाहेर. मेण अजून कडक आहे.