भोकं नसलेला बॉम्ब

हेर प्रोफेसर (तुमचा 'हेर' म्हणजे आमचा श्रीयुत), तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहितोय. लढाई संपून चौदा वर्षं झाली होती आणि तुम्ही, हॅम्बर्गमधले धातुशास्त्राचे प्राध्यापक, इंग्रज पलटणींचे सरावाचे मॉर्टर, म्हणजे उखळी तोफेचे, बॉम्ब भंगारवाल्यांकडून आणून कपाटात मांडत होता. मी तुमचा विद्यार्थी, आणि मुळातच संशयी. त्यात माझा पुण्याचा मित्र म्हणायचा, "ज्यांनी यांचं शहर जाळलं त्यांचेच बॉम्ब जपतोय. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय." मला ते पटायचं. तरी दर शनिवारी मी त्या कपाटापाशी हजर असे. एकदा नव्या आलेल्या बॉम्बचा रंग बघून "हा सरावाचाच" म्हणत मी हात पुढे केला, तर तुम्ही तो झटकलात. "रंग कोणीही देतो. अंगाला आरपार भोकं दिसली तरच तो पोकळ, आत दारू नाही. संशय आला तर हात लावायचा नाही, मला विचारायचं." त्या दिवशी मी मनातून फार दुखावलो होतो.

डॉक्टरेट झाली. तुमच्या स्वयंपाकघरात निरोपाचं जेवण आहे, फ्राउ, तुमच्या पत्नी, बटाटे सोलतायत. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बॉम्ब माझ्या हातात ठेवता. मी कागद सोडून फिरवून बघतो, भोक एकही नाही. "वरची टोपी फिरवून उघड," तुम्ही हसून म्हणता, "पण घरी गेल्यावर, आईसमोर." विचारायला तोंड उघडतो आणि आभाराचं नुसतंच "डांके" म्हणतो. दुसऱ्या दिवशी बंदरातल्या फेरीबोटीवरून मी तो एल्बे नदीत सोडून दिला. पुढे तुमच्या प्रत्येक पत्रात असायचं, आईला त्याचा उपयोग होतो ना? बॉम्बचा कसला उपयोग, म्हणून मला त्यातही काळंबेरं दिसायचं. होतो, असं मी कळवत राहिलो.

सहा वर्षांनी हॅम्बर्गला आलो तेव्हा तुम्ही हयात नव्हतात. त्याच स्वयंपाकघरात फ्राउंनी कॉफी ओतली. "तुझी आई देवाची फुलं डब्यात ठेवते, हे तूच सांगितलं होतंस. पाणी गळू नये म्हणून दोन रविवार बसून प्रोफेसरांनी त्या बॉम्बची भोकं बुजवली. फुलदाणीच केली." आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. हेर प्रोफेसर, एवढं एक विचारायचं होतं, आणि विचारायचं कसं ते तुम्हीच शिकवलं होतंत.

हा कागद ड्रॉवरमध्येच राहील. फ्राउंनी विचारलं होतं, "अजून असतात ना त्यात फुलं?" "हो, रोज," मी म्हणालो. आई शेवटपर्यंत फुलं पत्र्याच्या डब्यातच ठेवत होती.