दोन घड्याळं, एक पट्टा आणि तुमचा माग

बाबा, आज मी तुमच्या हातमागावर बसले. दोन मनगटांवर दोन घड्याळं आणि छातीला एक पट्टा, अशी नटूनथटून! तुम्ही असता तर विचारलं असतं, "हे काय सोंग बांधून आली वो बाई?" सांगते. मागच्या उन्हाळ्यात माझ्या हृदयाने जरा कुरकुर केली. आता बरी आहे, पण भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नाडीला एक मर्यादा घालून दिलीय, नाडी तिच्या वर नेणारं काम करायचं नाही. माग चालवू का विचारलं, तर म्हणाले, आधी विणतानाची नाडी मोजून आणा. आंधळगावला भावाकडे तुमचा माग चालूच असतो. त्यावर एक कोशाच्या रेशमाची साडी आपल्या हाताने विणायची, एवढी एक हौस उरलीय माझी, आणि ती या आकड्यांपाशी येऊन अडली.

हल्लीची घड्याळं नाडी सांगतात, बाबा, आणि कामात किती कॅलरी जळल्या तेही. एक मुलाने दिलं, एक सुनेने. त्या दोघांचंच घरात पटत नाही, तर घड्याळांचं कुठून पटणार! पट्टा डॉक्टरांचा. हात हलवायच्या कामात त्याचंच ऐका, असं त्यांनी बजावलं होतं, आणि ते का, हे माग सुरू होताच कळलं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी ओढणाऱ्या उजव्या हातातलं घड्याळ माझी नाडी सोडून मागाचेच ठोके मोजायला लागलं. मी वेग वाढवला की तेही धावे, थांबले की भानावर येई. डावं तिसरंच काही सांगे. भाऊ मोबाइलवर सगळ्यांचे आकडे बघत शेजारी बसलेला. म्हणाला, "ताई, जोर तं पायाले लागते. मंग घडी हातात कायले बांधली?" आणि त्या शहाण्याने डावं घड्याळ सोडून माझ्या घोट्याला बांधलं, पैंजणाच्या वर! विणकराच्याच डोक्यात येईल असलं काही. मागाखालच्या पावड्यांवर पाय चालायला लागले आणि घड्याळाला वाटलं, बाई पायी निघाली. थोड्या वेळाने भाऊ ओरडतो, "ताई, तू तं मोहाडीच्या पलीकडे गेली न!" कॅलरीचं तर विचारूच नका. हातातल्याच्या मते माझी मेहनत कपभर चहाची, पायातल्याच्या मते अख्ख्या जेवणाची. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

तसे तुम्ही तरी कुठे बिनचूक होता! लहानपणी तुमच्याजवळ बसून मी विणायला शिकतेय, आणि मध्येच तुम्ही माझ्या पाठीवर तळवा ठेवून जाहीर करता, "दम लागला तुले, थांब आता." मला कसला दम! तुम्हालाच चहा हवा असायचा. एकदा मात्र खरंच रागावलात. मी आईशी भांडून आले होते आणि धागा ठोकून बसवायची फणी आदळत सुटले होते. "मागाले काहून मारून राहिली? त्यानं काय केलं तुयं?" म्हणालात, आणि माझा हात धरून हलका ठोका कसा द्यायचा ते दाखवलंत. आज तसाच हलका ठोका देत विणलं. बाबा, पट्ट्याचा आकडा शेवटपर्यंत मर्यादेच्या खाली राहिला! भाऊ उठून नाचायचाच बाकी होता. मला विणता येईल! डॉक्टर आता कशाला नाही म्हणतील?

एक सांगायचं राहिलं. सकाळभरात दोन घड्याळं आणि पट्टा, या तिघांचं एकदाच पटलं, माग सुरू व्हायच्या आधी. तुमच्या बसण्याने गुळगुळीत झालेल्या फळीवर बसले, रीतीप्रमाणे मागाला हात लावून कपाळाला नेला आणि हात मांडीवर ठेवले. काहीच हलत नव्हतं. तिन्हीकडे एकच आकडा, आणि तो मर्यादेच्या वरचा. भाऊ घाबरला. "काय झालं वो ताई?" मी म्हटलं, "काही नाही, बसू दे जराशी." आकडा उतरला तेव्हाच धोटा हातात घेतला. उद्या डॉक्टरांना विणतानाचे आकडे दाखवीन. हा नाही दाखवणार. त्यांनी काम करतानाचे मागितलेत, आणि तेव्हा मी काहीच करत नव्हते, नुसती तुमच्या जागेवर बसले होते. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, पण तेवढा आकडा तुम्हाला सांगावासा वाटला.