वेणूच्या ओट्यापाशी

खांदा कॉलनी, पनवेल
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

मैने,

गुणाचा रामराम. गुडघे कसे हायत ते विचारत नाय, वेणूनं सांगितलं. माझेबी तसेच हायत, फक्त मी गावभर सांगत नाय.

माझा भाचा हितेश फोन लावून देत होता. पण फोन तू ठेवून दिला असतास. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान बघतो तरी. हितेश कामावर जाताना करंजाला वाकडी वाट करून तुझ्या हातात देईल. आपण दोघी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो, तेवढ्यावर लिहिते हाय, अक्षराला हसू नको. आणि सुनेकडून वाचून घेऊ नको. चष्मा लाव.

हितेशच्या नव्या जागेची वास्तुशांत, म्हणून बडोद्यावरून आले. एकतीस वर्षांनी. पनवेलनं मला ओळखलं नाय, मीबी त्याला नाय. आपल्या होड्या लागायच्या तिथं गाड्या लागतात. रिक्षावाल्याला बोल्ले, मासळी बाजारात ने. तर बोलतो, "आजी, लोकेशन सांगा." मी बोल्ले, "सरळ चाल, वास आला की थांब." बरोब्बर थांबला बघ.

तुझ्या जागेवर एक ठसठशीत बाई बसलेली, हातात कोयता, गळ्यात सोनं. मी सुरमईचे कल्ले उघडून बघितले.

"मावशे, उचकटू नको. ताजी हाय."

"ताजी हाय तर बर्फाखाली कशाला निजवलीस?"

तिचा हात थांबला. "गुणामावशी? एवढं खवट दुसरं कोण बोलणार!"

तुझी वेणू. मला वाटलेलं कोयता उगारेल. तिनं चहा मागवला, बसायला खोका पालथा घातला. दोन पोरी झाल्या, थोरली बँकेत हाय, सगळं सांगितलं. "आई विचारते अधूनमधून, गुणी हाय का गेली." मी बोल्ले, "सांग तिला, तुझ्या आधी नाय जायची."

मग हसत बोलली, "तुझ्या कल्पेशनं नाय म्हटलं ते बरंच झालं. तुझ्यासारखी सासू टळली." बाजूच्या बायका खिदळल्या. मीबी हसले. ती सुरमई कापत होती. मान वर न करता हळूच बोलली, "पण मावशी, माझ्या अंगाला वास येतो बोलला ना तो. लग्न होईपर्यंत मी दिवसातून चार चार वेळा साबण लावायचे. हात सोलून निघालेले. आईला बोलले, चुन्यानं भाजले."

चहा तसाच ठेवला मी.

सुरमई बरी होती. थोडी बर्फाची, पण बरी. बडोद्याला मिळते ती खाऊन आपल्या मांजरीबी घर सोडतील. सून करते बिचारी, नाक दाबून. कल्पेश रिटायर व्हायला आला, डोक्यावर केस उरले नायत.

मैने, आता चष्मा काढू नको.

कल्पेश तसं कधीच बोलला नाय. सुपारी फुटलेली, लग्न ठरल्याचे पेढे दोन्ही घरी वाटून झालेले, आणि त्याला बडोद्याला नोकरी लागली. मला वाटलं, पोरगा आता इस्त्रीचा शर्ट घालणार, त्याला मासळीची पाटी उचलणारी बायको कशाला. मीच वीस वर्षं पाटी उचलून त्याला शिकवलेला, आणि मलाच तिची लाज वाटली. माझे दीर काशिरामभाऊजी, त्यांच्या तोंडी तुला निरोप धाडला, पोरीच्या अंगाला वास येतो म्हणून पोरगा नाय बोलतो. तो शब्द माझा. आणि त्याला सांगितलं, मैनेनंच सुपारी मोडली, लांब पोरगी द्यायची नाय तिला. आठ दिवस धड जेवला नाय. मग मुकाट गाडीत बसला.

आता त्याच्या पोरीला, मनस्वीला, पाहुण्यांनी रंगावरून नाकारली. पोर तोंडाला कसलं कसलं क्रीम थापत आरशासमोर रडत होती. तेव्हा मला वेणू दिसली, साबणाचं तर तेव्हा ठाऊकबी नव्हतं. त्याच दिवशी कल्पेशला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझं तिकीट काढून आणलं. वास्तुशांत नुसतं निमित्त.

खोक्यावर बसलेले तेव्हाच वेणूला सांगायचं होतं. तोंड उघडलं नाय. माझं तोंड, मैने!

परवा रविवार, बाजार भरलेला असेल. शब्द बाजारभर फिरला, तर तो बाजारातच परत घ्यायला हवा. वेणूच्या ओट्यापाशी उभी राहून, सगळ्या बायकांदेखत सांगणार. तिनं कोयता उगारला तर उगारू दे. माफी मागायची मला सवय नाय, तुला ठाऊक हाय. पुन्हा तोंड मिटलं तर मागून एक धपका घालायला तू हवीस. हितेश आठ वाजता गाडी घेऊन दारात येईल. यायचं नसेल तर त्याच्याबरोबर शिव्या धाड. पण ताज्या धाड, बर्फातल्या नकोत.

तुझी विहीण व्हायची राहिलेली,
गुणा