आत कोण न्हाय, म्हणाले

मंगळवार, ६ मे

काल लिहिलं नाही. तीनदा आंघोळ केली तरी हाताचा धुराचा वास जात नाही.

आगीची वर्दी आली दुपारी सव्वादोनला. कापड बाजारातली जुनी दुमजली इमारत. खाली दुकानं, वर कापडाचं गोदाम, माथ्यावर कौलं. बाजार बंदचा वार. पुढची सगळी शटर खाली, बाहेरून कुलपं. मालक रस्त्यावर अनवाणी उभा. विचारलं, आत कोण आहे?

"कोण न्हाय साहेब, आज बंद हाय."

मान हलवली आणि कामाला लागलो. एक शटर कापलं. माझा जुना जोडीदार संभाजी आणि दोन तरणे फायरमन पाईप घेऊन आत, लाकडी जिन्याच्या निम्म्यापर्यंत. बाकीचे शेजारच्या छपरांवर पाणी मारत. या जुन्या इमारतींना माळा सलग असतो. आग दिसते एका दुकानात आणि असते तीन दुकानं पलीकडं.

अर्ध्या तासानं लक्षात आलं, दोन पाईपांचं पाणी आत चाललंय आणि उंबऱ्यावरून बाहेर काहीच येत नाही. म्हणजे वरच्या कापडाच्या गाठी पाणी पीत होत्या. भिजलेली गाठ चौघांना हलत नाही, आणि खाली त्या जुन्या तुळया. धूर काळ्याचा पिवळट झाला. फटीतून बाहेर येणारा धूर उलटा आत ओढला जायला लागला. दर्शनी भिंतीला पोट आलं. शिट्टी मारली. दोघं आले. संभाजी येईना, म्हणून स्वतः आत जाऊन ओढून आणला.

चार मिनिटांत वरचा मजला खाली बसला. आम्ही तोवर पलीकडच्या फुटपाथवर होतो.

तिघंही जिवंत. मोठे साहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, वेळेत निर्णय घेतलास.

बुधवार, ७ मे

ढिगारा अजून धुमसतोय. सकाळपासून पाणी मारणं, उचकटणं, परत पाणी. दुपारी मागच्या बाजूला माणूस सापडला. संभाजीला सापडला. त्यानं हाक मारली नाही कुणाला. नुसता खाली बसला. तो का बसला बघायला आम्ही गेलो.

बाळू मास्तर. सत्तरीचे. मागच्या बोळातून एक बुटकं दार होतं, त्यातून पोटमाळ्यावर जिना, तिथं त्यांचं शिलाई मशीन. पँटची उंची कमी करणं, साडीला फॉल. बंदच्या दिवशी स्वतःच्या किल्लीनं मागून यायचे. गोंगाट नसतो म्हणून. मालकाला पत्ता नाही. तो खोटं बोलला नव्हता.

समोरच्या चहावाल्याला माहीत होतं. दर बंदच्या दिवशी बाराला एक चहा वर पाठवायचा. परवाही पाठवला होता. आगीच्या वेळी गाडा झाकून जेवायला गेलेला, पण घर त्याच गल्लीत, चार दारं सोडून. मी विचारलंच नाही.

नव्या भरतीला मीच शिकवतो. एकावर विसंबू नका, तिघांना विचारा. मालक, शेजारी, चहावाला. फळ्यावर लिहून देतो.

गुरुवार, ८ मे

मास्तरांची माती झाली. लांब उभा राहिलो. युनिफॉर्म घालून जावं का साधे कपडे, यावर सकाळी अर्धा तास घालवला. साधे घातले. कुणी ओळखलं नाही, बरं वाटलं. त्याचीच लाज वाटली.

गाडीत सं. माझ्या शेजारी बसत नाही, मागं बसतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सुमननं विचारलं, जेवायला का येत नाही. भूक नाही म्हटलं. बायको आहे, तिला कळतं. पण पुढं विचारत नाही.

शनिवार, १० मे

आज सं. बोलला. पाईप वाळत घालत होतो, दोघंच.

"दादा, मी सांगितलं हुतं तुमास्नी."

"काय?"

"माहीत हाय तुमास्नी काय ते."

सांगितलं होतं. मी आत गेलो तेव्हा तो जिन्यावर उभा, मास्क एका हातानं दाबून वर बघत. म्हणाला, "दादा, वर कोण तरी ठोकतंय की." मी म्हणालो, "लाकूड तडकतंय. चल." तो पायरी सोडेना. कॉलर धरून ओढला. पडला, गुडघा फुटला. अजून लंगडतोय.

"तुमाला खरंच ऐकू आलं न्हाय?"

"नाही," म्हटलं.

माझ्याकडं बघितलं त्यानं. पाईपाचं टोक टाकून आत गेला. पुढचे सगळे पाईप मी एकट्यानं टांगले.

सोमवार, १२ मे

इथं तरी लिहितो.

ऐकू आलं होतं. तीन ठोके, जरा थांबून परत तीन. लाकूड तडकतं ते असं मोजून तडकत नाही. तीस वर्षं आगीत काढलेल्या माणसाला एवढं कळतं. पहिल्या तीन ठोक्यांतच कळलं.

हो म्हटलं असतं तर सं. वर गेला असता. मी नको म्हटलं असतं तरी गेला असता. त्याच्या मागून ती दोन्ही पोरं. म्हणून लाकूड म्हणालो.

एवढंच. आणखी काही कारण असेल तर मला सापडत नाही. भ्यालो का? भ्यालो होतो. पण भीती तर दर वर्दीला असते…

बुधवार, १४ मे

मास्तरांची मुलगी स्टेशनवर आली. वैशाली. कुरुंदवाडला शाळेत शिकवते, नवरा पण मास्तर. कुणी तरी सांगितलं की आगीवर मी होतो. चहा दिला, घेतला नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

"साहेब, एकच विचारायला आलोय. दुपारचं जेवण झालं की अण्णा तिथंच आडवं व्हायचं, मशीनच्या बाजूला. झोपेतच गेलं असतील न्हवं? धुरानं माणसाला जाग येत न्हाय म्हणत्यात."

"व्हय," म्हटलं.

डोळे पुसले. हात जोडले मला. म्हणाली, आईला सांगते, तिला तेवढंच बरं वाटेल.

सं. दारात उभा होता. सगळं ऐकलं त्यानं.

शुक्रवार, १६ मे

चौकशी सुरू. प्रत्येकाचा जबाब लेखी. माझा मंगळवारपर्यंत द्यायचा. चौकशीचे साहेब भला माणूस, म्हणाले, "तुमच्या लोकांचे जबाब वाचा हवं तर, काळजीचं काही नाही." सं.चा वाचला. शेवटून दुसरी ओळ: आत असताना माणसाचा कोणताही आवाज मला ऐकू आला नाही.

त्याचंच अक्षर. 'कोणताही' खाली रेघ.

गाठलं त्याला पार्किंगमध्ये. खोटं का लिहिलंस?

"माझं लगीन तुम्ही जमवलंसा. आईला दवाखान्यात तुम्ही नेलासा. तुमच्या इरुद्ध लिवू व्हय?"

"संभा—"

"लिवलं तुमच्यासाठी. पण आता मला हाक मारू नगासा."

गाडी चालू करून गेला. हेल्मेट तिथंच राहिलं. मी घरी आणलं. ते कसं परत द्यावं कळत नाही.

रविवार, १८ मे

सुट्टी. सकाळपासून कागदावर इमारत काढतोय. पुढचा जिना, गोदाम, मध्ये विटांची भिंत, भिंतीपलीकडं पोटमाळा. पुढून वर जाऊन भिंत फोडून मास्तरांपर्यंत जायला किती वेळ? कसंही मांडलं तरी चार मिनिटांत होत नाही. सं. वर गेला असता तर त्या गाठींबरोबर खाली आला असता. ओढलं ते बरोबरच होतं. दहा वेळा मांडलं, दहा वेळा बरोबर.

मग अकराव्यांदा सव्वादोनपासून मांडलं. आल्या आल्या चहावाल्याचं दार वाजवलं असतं तर? पाचव्या मिनिटाला शिडी मागच्या बोळात. तेव्हा बोळात नुसता धूर होता. जिना धुरानं कोंडलेला असला तरी पोटमाळ्याला लहान खिडकी होती, गज लाकडी. सं.नं एका दणक्यात काढले असते. मास्तर खांद्यावर. खाली. रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशी उभीच होती.

हे पंधरा मिनिटांचं काम होतं. मला अर्धा तास मिळाला होता.

सुमन मागं येऊन उभी होती, कळलंच नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?" खिडकी, म्हटलं. मग सगळं सांगितलं. ठोक्यांसकट. ती खाली बसली माझ्याजवळ. म्हणाली, "त्या पोरीला झोपेत गेले म्हणून सांगितलासा?"

मंगळवार, २० मे

जबाब दिला. दीड पान. मालकाशिवाय कुणाला विचारलं नाही. मागच्या बाजूची पाहणी केली नाही. ठोकल्याचा आवाज मला ऐकू आला. संभाजीनं तो मला सांगितला, मी तो लाकडाचा म्हणून सांगितला आणि त्याला जबरीनं बाहेर काढलं. त्याच्या जबाबातली ती ओळ त्यानं माझ्याखातर लिहिली आहे, त्याचा दोष त्याच्यावर धरू नये.

साहेबांनी चष्मा काढला. "हे द्यायलाच पाहिजे का? मजला पडणारच होता. तुम्ही तीन माणसं वाचवलीत."

द्यायचंय, म्हटलं.

संध्याकाळी सं. घरी आला. दारातूनच, "मला खोटा पाडलासा. भरल्या हापिसात."

सुमन म्हणाली, आत या भावजी. आला नाही. हेल्मेट तिनं आणून दिलं. ते घेतलं.

गुरुवार, २२ मे

कुरुंदवाडला गेलो, मोटारसायकलवरून. वैशाली गच्चीत होती. उन्हात पापड घातले होते, वारा सुटलेला, कडेनं दगड ठेवत होती. मला बघून पदर सारखा केला. "या की काका, वर कशाला आलासा उन्हाचं?"

'साहेब'चा 'काका' झालो होतो. त्यानं बोलणं आणखी अवघड झालं.

उभ्यानंच सांगितलं. झोपेत नव्हते. जागे होते. ठोकत होते. मला ऐकू आलं होतं. चहावाल्याचंही सांगितलं, खिडकीचंही. काही राखलं नाही.

तिच्या हातात दगड तसाच.

"किती वेळ ठोकत होते?"

"मी आत होतो तोवर. त्यानंतरचं माहीत नाही."

"हाक मारली का कुणाला?"

"ठोकल्याचंच ऐकू आलं."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. एक पापड उडून कठड्याला चिकटला, तिनं तो काढून परत जागेवर ठेवला. म्हणाली, "त्या दिवशी मला व्हय कशाला म्हणालासा? मी आईला सांगितलं. आई आठ दिवसांत पहिल्यांदा जेवली त्यावर."

जावा आता, म्हणाली. रागानं नव्हे. थकून.

येताना हातकणंगल्याच्या रेल्वे फाटकात गाडी अडली. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न मारायला लागले. तेव्हा कळलं की मी निघालोच नाही.

सोमवार, २६ मे

वर्दीवरून काढलंय. चौकशी संपेपर्यंत कार्यालयात बसायचं. आज दोन वर्द्या झाल्या, दोन्ही वेळा बंब माझ्याशिवाय बाहेर पडला. पुढच्या सीटवर सं. होता. दोन्ही वेळा बघितलं मी, त्यानं बघितलं नाही.

दुपारी फोन. वैशाली.

"आईला सांगितलं मी सगळं."

काय म्हणाल्या, हे विचारायचं धाडस होईना.

"दोन दिवस बोलली न्हाय. आज म्हणाली, त्या माणसाला घरी बोलव. पहिल्यापासून सांगू दे मला." पुढं म्हणाली, "शिव्या घालंल, रडंल, काय करंल मला ठावं न्हाय काका. मी पण असणार न्हाय, शाळेचं काम हाय. उद्या सकाळी जावा."

बरं, म्हटलं.

सुमनला सांगितलं. मी येते बरोबर, म्हणाली. नको म्हणालो. भाकरी थापत राहिली. तव्यावरची उलटली, दुसरी घेतली.

मग म्हटलं, ये.