माझ्या वजनासाठी तुमचा उपास

प्रिय अम्मा,

परवा सकाळी प्रमोटरचा फोन आला आणि तो मला उचलावा लागला. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर "होल्ड द लाइन प्लीज" म्हणून त्याला आधी लटकवून ठेवलं असतं, हातातली कोथिंबीर निवडून संपवली असती आणि मग टेलिफोन खात्यात ऑपरेटर होतात तेव्हाच्या त्या आवाजात सांगितलं असतं, मॅडम प्रॅक्टिसला गेल्यात, निरोप सांगा. मॅडम तुमच्यासमोरच बसलेली असायची! मला काही ते जमलं नाही. पहिल्याच रिंगला उचलला आणि तो म्हणेल त्याला हो हो करत राहिले.

पट्टा राखायची फाइट आहे, अम्मा. गट तोच, वजन तेच. माझे बॉक्सिंगचे मास्टर म्हणाले, लगेच कॅम्प सुरू करू, किलो उतरवायचे आहेत. संध्याकाळी तुमचा लेक प्रसन्न गिंडीहून कामावरून आला, त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "लढ. अम्मासाठी लढ." तुमच्यासाठी! मी पंखा लावायला म्हणून उठले. पंखा चालूच होता.

तुम्हाला आठवतं, मी सांगलीहून लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही काय विचारलं होतं? माझ्या आईला धास्ती होती की सासरी बॉक्सिंग बंद होणार. तंजावरची जुनी माणसं, त्यात ब्राह्मणाचं घर, सून लोकांच्या नाकावर ठोसे मारते हे कसं चालायचं? तुम्ही माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिलेत, बोटांची हाडं चाचपलीत आणि म्हणालात, "काय गे, जिंकतीस की मार खातीस?" मी म्हटलं, जिंकते. "मग बेष! अस्क सामान हिकडं आणून घे." तुमची ती तंजावरी मराठी मला निम्मीच कळायची, 'अस्क' म्हणजे सगळं हेही नंतर कळलं, पण माझे ग्लोव्ह्ज आणि बूट या घरात राहणार एवढं त्या दिवशी कळलं.

अंडी मात्र स्वयंपाकघरात आली नाहीत. त्यांना बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. पहिल्यांदा उकडलेली अंडी तुम्ही चिमट्याने धरून माझ्या ताटलीत टाकलीत, तोंड दुसरीकडे करून. हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं.

पुढचं सगळं तुमच्यामुळे झालं, हे मी मुलाखतींतून कधी सांगितलं नाही. विचारायचे, तुमच्या यशाचं श्रेय कुणाला, आणि मी मास्टरांचं नाव घ्यायची, नवऱ्याचं घ्यायची. तुम्ही टीव्हीसमोर बसून ऐकायचात आणि म्हणायचात, "बरोबर बोललीस." पहिली प्रोफेशनल फाइट कुणी ठरवली? प्रमोटरने चार दिवस आधी फोन करून कुणाच्या तरी बदली उतरायला सांगितलं, तेव्हा "आमच्या मॅडम काय शेअर ऑटो आहेत, हात दाखवला की थांबायला?" असं त्याला कुणी सुनावलं? तो पुन्हा फोन करून नीट तारीख घेऊन आला. मी जिंकत गेले आणि तुम्ही लाइन सांभाळत गेलात. माझ्या हातून एकदाही श्रेय तुमच्याकडे आलं नाही, अम्मा. साधं नाव घ्यायचं होतं.

पण ते राहू दे. ते लिहायला मी बसलेली नाही.

आमच्या खेळात फाइटच्या आदल्या दिवशी वजन होतं. ठरल्या आकड्याच्या वर काटा गेला तर पट्टा जातो. म्हणून शेवटचा आठवडा म्हणजे नुसती उपासमार, आणि शेवटच्या दिवशी तर पाणीसुद्धा नाही. पहिल्यांदा मी या घरात वजन उतरवलं तेव्हा तुम्ही कढईच उचलून माळ्यावर ठेवलीत. घरात एक पोरगी उपाशी आणि आपण फोडणीचा वास सोडायचा का, म्हणालात. मला तेव्हा तुमचं कौतुक वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं की नुसती फोडणी बंद झालेली नाही. वजनाच्या दिवशी तुम्ही जेवतच नव्हता. माझा फोन यायचा, "अम्मा, वजन झालं, मी खाल्लं," की मग तुम्ही भात वाढून घ्यायचात.

एकदा विचारलं, तर म्हणालात, "जेवण होऊन गेलं गे माझं. उगे बैस." ताट घासून पालथं घातलेलं होतं, पण कोरडं. मला दिसलं होतं ते.

खरं सांगू? मला बरं वाटायचं. पोटात कावळे ओरडत असताना आपल्यासारखंच अजून कुणीतरी उपाशी आहे, याचा आधार वाटायचा. आईनेसुद्धा माझ्यासाठी हे केलं नव्हतं. तुम्हाला शुगर आहे, डॉक्टरांनी गोळी घेतली की लगेच खा असं बजावलंय, हे मला ठाऊक नव्हतं का? तुमच्या गोळ्या टी. नगरच्या दुकानातून मीच तर आणायची! आणि तुमची ती शिस्त! गोळी मात्र घड्याळ लावून. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. गोळी वेळेवर आणि जेवण सुनेच्या फोनवर, हा असला हिशेब तुम्हीच करू जाणे.

बंगळूरच्या आधीच्या फाइटच्या वेळी तर मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही सोफ्यावर घामाने भिजून बसला होता आणि मला तुमच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारत होता. मी साखरेचं पाणी पाजलं. जरा वेळाने ताळ्यावर आलात आणि पहिलं वाक्य काय? "प्रसन्नला सांगू नको गे. तो तुझी फाइट कॅन्सल करील." आणि मी नाही सांगितलं! तुम्ही सांगू नको म्हणालात म्हणून नव्हे. फाइट रद्द होईल म्हणून. दुसऱ्या दिवशी तुम्हाला चार शब्द रागावून बोलले, तुम्ही "सरी, सरी" म्हणून मान डोलावलीत, आणि मी पुन्हा दोरीवर उड्या मारायला गेले. एवढ्यावर माझं समाधान झालं.

आता बंगळूरचं सांगते. तुम्हाला तो दिवस तुमच्या बाजूने माहीत आहे, माझ्या बाजूने कधी कळलाच नाही.

काट्यावर उभी राहिले तर पाव किलो जास्त. तोंडचं पाणीच पळालं, नाहीतरी ते तोंडात नव्हतंच. त्यांनी थोडा वेळ दिला. प्लास्टिकचा सूट चढवून हॉटेलच्या मागच्या जिन्यावर वर-खाली पळत होते, मास्टर मागून ओरडत होते, "तण्णी वेणाम्, पाणी नाही, थुंकत राहा!" फोन त्यांच्या पिशवीत होता. दुसऱ्यांदा चढले तेव्हा काटा बरोबर जागेवर आला. मग प्रतिस्पर्ध्यासमोर उभं राहून एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं ते नाटक, मग पट्ट्याबरोबर फोटो, मग प्रायोजकांची माणसं, मग कुणीतरी हातात शहाळं दिलं. मग दहीभात. अम्मा, मी खाल्लं. सावकाश, बोटं चाटून खाल्लं. एकदाही आठवलं नाही.

तुम्ही फोन का केला नाही? हा प्रश्न मी किती वेळा भिंतीला विचारलाय! एक मिस्ड कॉल द्यायचा होता. पण ऑपरेटर मध्येच कॉल करत नाही, लाइन मोकळी ठेवतो, हे तुमचं आयुष्यभराचं तत्त्व. शेजारच्या सेल्वीने मला नंतर सांगितलं. तिने तुम्हाला सहज फोन केला होता, भाजी आणायला येता का म्हणून. तुम्ही म्हणालात, "आत्ता ठेव, माझ्या सुनेचा फोन येणार आहे," आणि कट केलात. तिला आवाज जड वाटला, म्हणून ती दार वाजवत आली. तुम्ही ओट्याशी पडला होता. डोक्याला ओट्याची कड लागलेली. फोन हातात होता.

आणि एक इडली तोंडात टाकली असती तर काय बिघडलं असतं, अम्मा? कोण बघणार होतं? रागवते मी तुमच्यावर, हो. सून आहे, रागवणार. इतकं खरं वागायची गरज नव्हती.

प्रसन्नचा फोन आला तेव्हा मी हॉटेलच्या खोलीत पाय वर करून झोपले होते. म्हणाला, शुगर एकदम खाली गेली, अम्मा पडली, डोक्यात रक्त साचलंय. डोळे उघडलेत पण बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू. "तू काय ते ठरव." तो रडत नव्हता, त्यामुळे मला सोपं गेलं. त्या संध्याकाळी चेन्नईला येणारी गाडी होती. मी म्हणाले, "उद्या फाइट झाली की लगेच निघते."

लोक म्हणतात, केवढं काळीज! सासू इस्पितळात आणि पोरगी रिंगमध्ये उतरली, जिंकून आली. पेपरात छापलं तसं. काळीज कसलं! मला पट्टा हवा होता. दहा राउंड मी तुमचा विचारही केला नाही. तो केला असता तर हरले असते, आणि हरले असते तर आज कदाचित तुमच्या फोटोकडे सरळ बघता आलं असतं. परतीच्या टॅक्सीत पट्टा मागच्या सीटवर होता आणि मी पुढे. वेल्लोर मागे टाकलं आणि प्रसन्नचा फोन आला.

तेराव्याला पानावर तुमच्या आवडीचं सगळं वाढलं. डांगर पच्चडी, केळ्याचं आंबट, पुरणपोळी. मला वाढायला बोलावलं. मी हात धुऊन येते म्हणाले आणि न्हाणीघरात कडी लावून बसले. जिवंतपणी माझ्यापायी उपाशी राहिलेल्या बाईला आता मी कोणत्या तोंडाने वाढायचं?

आणि नशीब कसं बघा. तुम्ही पडलात तो दिवस एकादशीचा निघाला. कुंभकोणमच्या मामी म्हणाल्या, "एकादशीचा उपास केला, गोळी घेतली, घात झाला." सगळ्यांनी माना हलवल्या. प्रसन्नने देवाला दोन शिव्या दिल्या. तुम्ही एकादशी कधी केलीय? सकाळी उठून पोंगल खाणारी बाई! मी मूग गिळून बसले. एकादशीने माझा गुन्हा अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. इतके महिने.

पण "अम्मासाठी लढ" हे मला सहन झालं नाही. काल तो कामावरून आला, हातपाय धुतले, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. कोरडं ताट सांगितलं, साखरेचं पाणी सांगितलं, फोनचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग एवढंच विचारलं, "फोटो काढत होते तेव्हा तुझा फोन कुठं होता?"

"मास्टरांच्या पिशवीत."

"मागितला नाहीस?"

"नाही."

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने भात गॅसवर ठेवला, आपल्यापुरता वाढून घेतला, तसाच झाकून ठेवला आणि वेलचेरी स्टेशनच्या बाजूला चालायला गेला. आज सकाळी चहा मात्र दोघांचा केला होता. मी माफी मागितली नाही, कारण ती त्याच्याकडे मागायची नाहीच.

मग मी प्रमोटरला फोन केला. सांगितलं, पट्टा सोडतेय. या गटात परत उतरणार नाही. लढेन, पण वरच्या गटात, जिथं मला रोज दोन वेळा जेवून लढता येईल. तो म्हणाला, मॅडम, घाई करू नका, तुमच्या सेक्रेटरीशी बोलून घ्या. सेक्रेटरी म्हणजे तुम्ही, हे त्याला अजून ठाऊक नाही, अम्मा! मी म्हटलं, त्या वारल्या.

मास्टर चिडले. म्हणाले, वरच्या गटातल्या मुली उंच आहेत, लांब हाताच्या आहेत, मार खाशील. खाईन. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलं होतं ना, जिंकतीस की मार खातीस? यापुढे दोन्ही. लोक म्हणतील, वजन झेपत नाही, म्हातारी झाली. म्हणू देत. पट्टा परत मिळेल की नाही माहीत नाही, आणि कुणाला कारण विचारायचं असेल तर आता तुमचं नाव घेऊन सांगणार आहे, हॉलभर माणसांसमोर, माइकवर.

तुम्हाला शब्द देते, अम्मा. माझ्या काट्यासाठी या घरात यापुढे कुणी उपाशी राहणार नाही. प्रसन्न नाही, उद्या मूल झालं तर ते नाही, आणि मीसुद्धा नाही. याने तुम्ही परत जेवणार नाही, हे मला कळतं.

दुपार झाली आहे. तुम्ही गेल्यापासून मी ताटावर नीट बसलेच नाही, उभ्याउभ्या काहीतरी पोटात ढकलते. आज रसम-भात केलाय आणि मांडी घालून बसणार आहे. तुम्ही उपाशी गेलात हे ठाऊक असून जेवणार आहे, अम्मा, पोटभर.

तुमचीच,
सून