बाबांच्या यूत्झमधला वाकडा स्वर

मी, वेरेना श्मिडिग, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, राहणार मुओटाथाल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही; दबाव आणेल असा माणूसच घरात उरलेला नाही.

१. राहते घर, मागची गवताची उतरण आणि वरच्या कुरणावरची झोपडी माझ्या गाई सांभाळणाऱ्या लीना सूटर हिला द्यावी. चीजची तांब्याची कढईही तिचीच. कढईला साबण लावू नये. एकदा लावला होता, आठवडाभर चीजला धोब्याचा वास येत होता.

२. धाकटा भाऊ मेनराड यास काहीही नाही. भावाला सक्तीचा वाटा नसतो, हे वकिलाला विचारून घेतले आहे. कारण लिहून ठेवते, नाहीतर मातीच्या जेवणात "म्हातारी कंजूष होती" एवढेच गाव बोलेल.

आमचे बाबा गाईंना यूत्झ घालून बोलवत. शब्द नाहीत, नुसता गळा. गावातले गायन-क्लबवाले त्याला योडल म्हणतात. त्यातला एक स्वर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या मधोमध पडे, कारण आमचे फुंकायचे लांब लाकडी शिंग तो तिथेच वाजवते. १९७४ च्या योडल-स्पर्धेत क्लबने तो जसाच्या तसा गायला, तेव्हा परीक्षकांनी लिहिले, 'मध्यम बेसूर. तिसरी श्रेणी.' मेनराड तेव्हा शाळामास्तर आणि क्लबचा प्रमुख.

"बाबा, तुमचा स्वर वाकडा आहे. मी सरळ करून लिहितो."

"अरे, पण गाई येतात ना?"

"परीक्षक म्हणजे गाई नव्हेत, बाबा."

तीन वर्षांनी सरळ केलेल्या यूत्झला पहिली श्रेणी मिळाली. छापील कागदावर 'रचना: मेनराड श्मिडिग'. रेडिओवर लागले तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले होते. शेवटपर्यंत ऐकले आणि मला म्हणाले, "छान गातात गं. कुठल्या दरीतले?" मी सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात ते गेले. तेव्हापासून चौतीस वर्षे मी मेनराडशी बोललेले नाही, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

३. क्लबने माझ्या थडग्याशी गाऊ नये. बसने येणारे पाहुणे त्यांचे गाणे ऐकून अजून डोळे पुसतात. पुसोत बापडे, त्यांनी मूळ कुठे ऐकले आहे? क्लबवाले आलेच तर शेजारच्या बाल्त्झने कुत्रा सोडावा.

४. बाबांचा यूत्झ, वाकड्या स्वरासकट, लीना सूटर हिला.

वरील कलमावर आडवी रेघ मीच मारली आहे. ते मी वसंतात लिहिले होते. उन्हाळाभर कुरणावर लीनाला शिकवले. पोरीचा गळा चांगला, मन लावून शिकली. सप्टेंबरात गाई खाली आणताना तिने घातला. शेजारी बाल्त्झ हाइन्त्सर बाबांबरोबर वीस उन्हाळे गुराखी होता. तो खूश झाला.

"झकास! हा मेनराडचा ना?"

मी पोरीला गप्प केले आणि स्वतः घातला. बाल्त्झने टोपी काढली, पुन्हा घातली.

"वेरेना, राग मानू नकोस. हाही मेनराडचाच."

चर्चमध्ये, जत्रेत, रेडिओवर मी चौतीस वर्षे मेनराडचा यूत्झ कान बंद करून ऐकला. कान बंद झाले नव्हते. बाल्त्झकडून शिंग वाजवून घेतले. वाकडा स्वर ऐकू येतो, ओळखूही येतो, पण माझ्या गळ्यातून सरळच निघतो. महिनाभर रोज प्रयत्न केला. सबब कलम ४ रद्द. जे माझ्यापाशी नाही, ते मी कुणाला देऊ शकत नाही.

हे कलम वाचताना मेनराडला खोलीबाहेर बसवावे.

सही: वेरेना श्मिडिग
मुओटाथाल, २३ ऑक्टोबर २०११

कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, आमच्या घराण्याला लागतात:
१. बाल्त्झ हाइन्त्सर, गुराखी (निवृत्त)
२. आगाथा बेटशार्ट, टपालवाली