नव्वद अंशांचं कपाट

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळी ११.४०
…डावीकडे घे, डावीकडे, असं मी ओरडलो आणि धर्माजीने उजवीकडून रेटलं. कपाट बेडरूमच्या दारात तिरकं अडकलं. आत येत नाही, बाहेर जात नाही. मी आतल्या बाजूला. धर्माजी, बायको उर्मिला, मुलगी आरोही आणि स्वयंपाकघर बाहेरच्या बाजूला.
काळजीचं कारण नाही. ही मधली स्थिती आहे.

दुपारी १२.३०
परिस्थितीची नोंद. कपाट फणसाचं, उर्मिलेच्या आईचं. आई जूनमध्ये गेल्या. गुहागरचं घर विकताना भावाने विचारलं, ताई, तुला काय हवं? तिने एवढंच मागितलं. टेम्पोतून उतरवताना मला म्हणाली, याला एक ओरखडा नको. मी शब्द दिला. म्हणूनच ग्राफपेपरवर नकाशा काढला होता. दार, पॅसेज, पलंग, सगळं स्केलने. कपाटाचा आयत कापून घेतला, फिरवून पाहिला. सहज गेला.
धर्माजी सुतार, चेणे गावचा. तो म्हणतो, शेठ, कागदावर जातंय, दारात न्हाय. वरची नक्षी नि पुढचे दोन पाय कापले की पाच मिनटांचं काम हाय.
ठाम नकार दिला. सुतारांना भूमिती येत नाही, म्हणून त्यांना करवत लागते.

दुपारी २.१५
कपाटाखाली एक त्रिकोण मोकळा आहे. विषमभुज. त्यातून ताट येत नाही. पोळीत भाजी गुंडाळून आली. आमटी येऊ शकली नाही. वजन कमी करायचंच होतं.
बाथरूम आतच आहे. फ्लॅट घेताना मी त्यावर अडून बसलो होतो. दूरदृष्टी.

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी ९
रात्री विचार केला. उपाय जवळपास सापडलाय. फक्त कोन ठरायचाय.
खिडकीला ग्रिल. समोरच्या विंगमधल्या बाई कपडे वाळत घालताना माझ्याकडे बघत होत्या. मी ग्राफपेपर हातात धरून उभा राहिलो, म्हणजे काम चालू आहे हे दिसावं. त्यांनी पडदा ओढला.

११.००
शेजारच्या पिंकी भाभी हॉलमध्ये आल्या होत्या. स्पष्ट ऐकू आलं. भाईसाब अभी भी अंदर हैं? बाथरूम है ना अंदर? फिर क्या टेन्शन! दोघी हसल्या. उर्मिला बराच वेळ हसत होती. ताण आलाय तिला.

संध्याकाळी ५
मंगळवारी आरोहीचा गणित भाग दोनचा पेपर. नववीत भूमिती कच्ची राहिली तर दहावीत महागात पडते. तिला कपाटापलीकडे बसवून शिकवणी घेतली. विचारलं, दोन रेषा कधीच भेटत नाहीत, तर त्या कशा? समांतर, असं उत्तरही मीच दिलं.
म्हणाली, एकाच प्रतलात असतील तरच, बाबा. नाहीतर समांतर नसूनसुद्धा भेटत नाहीत.
आमच्या वेळी एवढं खोलात नव्हतं.
मग म्हणाली, तुम्ही पण तेच केलंत ना. कपाट कागदावर झोपवलंत. तिरकं केल्यावर त्याचा वरचा कोपरा चौकटीला लागतो, ते कागदावर दिसणारच नाही.
मी म्हटलं, पुस्तकातलं बोल. ती कंपासपेटी घेऊन आली आणि पॅसेजच्या भिंतींमधला कोन मोजला. सत्त्याऐंशी अंश.
म्हणजे तीन अंशांची चूक बिल्डरची. लाल पेनाने लिहून ठेवलं. उंचीचं नंतर बघू.

सोमवार, १३ ऑक्टोबर. सकाळी १०
ऑफिसला मेल केला: घरी तांत्रिक काम, आज रजा. साहेबांचं उत्तर, ओके. इतका विश्वास मिळवायला एकवीस वर्षं लागतात.

१२.२०
खांदा लावून कपाट चार अंश फिरवलं. आतून काहीतरी कडकन वाजलं. उर्मिला बाहेरून ओरडली, अहो, हात लावू नका त्याला! प्रयोग स्थगित.
कपाट होतं त्याहून घट्ट बसलंय. त्रिकोण लहान झाला. दुपारी फक्त केळं आलं.

संध्याकाळी ६.३०
उर्मिला पॅसेजमध्ये जमिनीवर येऊन बसली. त्रिकोणातून तिचा हात दिसत होता. कपाटाच्या पायावरून फिरत होता.
तिने विचारलं, तुम्ही बाहेर येणार आहात की नाही?
मी तीन पर्याय समजावले. तिन्हींत कापावं लागत नाही. म्हटलं, तुला शब्द दिलाय.
ती म्हणाली, शब्दाचं नाव पुढे करू नका. माझं माप चुकलं, एवढं तुमच्याच्याने म्हणवत नाहीये. एकदा म्हणा. मग मी स्वतः धर्माजीला सांगते काप म्हणून. आईची वस्तू आहे, माझी मी बघेन.
मी म्हटलं, भिंत सत्त्याऐंशी अंशांत आहे.
मग उठून गेली. हात दिसेनासा झाला.
बहुधा पटलं. उद्या सकाळी पर्याय दोन. सहाला उठायचं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
जाग आली तेव्हा करवत चालू होती. पावणेआठ. आधी वरची नक्षी, मग पुढचे दोन पाय. मी आतून थांबा म्हटलं. कोणी थांबलं नाही. अकरा मिनिटं लागली. कपाट सुटलं. धर्माजी ते आत ढकलत होता. उर्मिला म्हणाली, आत नको, हॉलमध्ये ठेव. मी बाहेर आलो. आरोही पेपरला गेली होती. उर्मिला जमिनीवर बसून भुसा गोळा करत होती. चहा ओट्यावर आहे म्हणाली. मी घेतला. गार होता.